प्रत्येक पानावर दोन चुका

डोंबिवली (पूर्व)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. नीरजा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. तुझा ठाण्यातला, बाळकुमचा पत्ता संचिताच्या आईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मी दोनदा विचारलं म्हणून तिने दिला. तू आणि संचिता त्या खोलीवर नीट राहत असाल.

काम रसिकाचं आहे. बाकी काही नाही.

जुलैमध्ये तिच्या वर्गशिक्षकांनी, भोईर सरांनी, मला शाळेत बोलावलं. दहावीची पहिली घटक चाचणी झाली होती. त्यांनी तिच्या सगळ्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या. प्रत्येकीवर तिचं नाव होतं, तारीख होती आणि प्रश्नांचे क्रमांक ओळीने घातलेले होते. क्रमांकांच्या पुढे काही नव्हतं. मराठीच्या पेपरात चार ओळी होत्या, त्या मला वाचता आल्या नाहीत.

सर म्हणाले, "काका, पोरगी गुणाची आहे. तोंडी विचारा, सगळं सांगते. कागद समोर आला की संपलं. दहावीपर्यंत ही आलीच कशी, तेच मला समजत नाही."

मी म्हटलं, आई गेल्याचं मनाला लागलं असेल.

"तेही असेल. पण आधी तपासून घ्या. वाचन-लेखनाची अडचण आहे असा दाखला मिळाला तर बोर्डात जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. ती सांगेल, दुसरं कुणी लिहील. नाहीतर मार्चमध्ये पण हेच कोरे कागद."

दाखला ३० नोव्हेंबरच्या आत शाळेत पोहोचायला हवा. त्यानंतर शाळा काही करू शकत नाही.

मंगळवारी, ९ तारखेला, मी रजा टाकून तिला ठाण्याच्या केंद्रावर नेलं. डोळे आणि कान आधीच तपासून झाले होते, ते ठीक आहेत. तिथे विनिता मॅडम म्हणून मानसतज्ज्ञ आहेत. त्यांनी आधी बुद्धीची चाचणी घेतली. ठोकळे जुळवणं, चित्रातलं काय चुकलं ते सांगणं, आकडे ऐकून उलटे म्हणणं. त्यात रसिका तिच्या वयाच्या मानाने पुढे आहे असं त्या म्हणाल्या. हे तुला मुद्दाम कळवतो. मग तिसरीचा एक उतारा वाचायला दिला, शेळीचा. मी बाहेर बाकावर होतो, पण त्या खोलीचं दार पूर्ण लागत नाही. पहिली ओळ वाचायला तिला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

नंतर त्यांनी वह्या बघितल्या. पाचवीपासूनच्या वह्या आणा असं त्यांनी सांगितलेलंच होतं. वह्या चाळून झाल्यावर मला आत बोलावलं. रसिकाला बाहेर बसवलं.

"वह्या आणि मूल जुळत नाही," त्या म्हणाल्या. "इतकं नीट लिहिणाऱ्या मुलीला एकदम तिसरीचं वाचता येत नाही, असं होत नसतं. सवलतीसाठी मुलं मुद्दाम चुकतात हो. काही क्लासवाले तर शिकवून पाठवतात. तुम्ही तसे वाटत नाही, पण मला जे दिसतं ते लिहावं लागतं."

त्यांनी अहवाल राखून ठेवला आहे.

तुझ्याकडे एवढंच मागतो की मॅडमना एक फोन कर आणि सांग, रसिका लहानपणापासून वाचताना अडखळते. मोठ्या बहिणीचं म्हणणं त्या धरतील. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही.

आईच्या तेराव्याला घरात जे झालं ते झालं. त्याबद्दल पत्रात काही लिहीत नाही.

घरी सगळं ठीक.

बाबा


डोंबिवली
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५

चि. नीरजा,

पत्र तुला मिळालं, पोस्टाच्या साइटवर 'वितरित' असं दिसतं. मॅडमना मात्र तुझा फोन गेलेला नाही. मी काल विचारलं.

आज दसरा. यंदा आपल्याकडे सण नाही. रसिका दुपारी झोपली होती, म्हणून केंद्रातून परत आणलेल्या वह्या दिवाणावर मांडून बसलो.

माझं काम तुला माहीतच आहे. तीस वर्षं कल्याणला रेकॉर्डमध्ये जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला देतो. मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवायची, अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, मग खाली सही करायची. घरातल्या वह्यांकडे मी त्या नजरेने कधी बघितलं नव्हतं.

पाचवी ते सातवीच्या वह्या सुहासिनीच्या, तुझ्या आईच्या, हातच्या आहेत. तिने अक्षर मोठं केलं आहे, ओळ थोडी तिरकी नेली आहे, पेन्सिल बोथट ठेवली आहे. पण 'झ' तिला बदलता आला नाही. सामानाच्या यादीत 'झाडू' लिहायची, तोच झ.

आणि प्रत्येक पानावर दोन चुका आहेत. कुठे 'पाणी'चं 'पानी', कुठे वेलांटी उलट. बाईंनी त्याला लाल गोल केला आहे आणि पुढच्या पानावर तो शब्द पाच वेळा बरोबर लिहिलेला आहे, तोही तिनेच. मी पान न् पान बघितलं. एक चूक असलेलं पान नाही, चार असलेलं नाही. कधीतरी तीन आहेत. ती चुका ठरवून करत होती.

आठवीच्या ऑगस्टमध्ये अक्षर बदलतं. सुहासिनीचं डायलिसिस सुरू झालं तो आठवडा. तिथून पुढे हात तुझा आहे. तू तिची नक्कल चांगली उतरवली आहेस, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळलं, कारण तू चुका केलेल्या नाहीस.

सुहासिनीने मला न सांगता हे का केलं, ते समजत नाही. मुलीला वाचता येत नव्हतं तर मला सांगायचं. आणि केंद्रात मॅडमनी रसिकाला विचारलं, वह्या कुणी लिहिल्या, तर ती म्हणाली, माझ्याच आहेत. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. असं ती का म्हणाली कोण जाणे. तिथेच सगळं अडकलं आहे.

आता मी मॅडमना सांगितलं की वह्या आईने लिहिल्या, तर सुहासिनी खोटी ठरते, आणि ती उत्तर द्यायला नाही. नाही सांगितलं तर रसिका खोटी ठरते, सवलतीसाठी सोंग करणारी. मी रोज सकाळी एक ठरवतो आणि ऑफिसमधून येईपर्यंत दुसरं.

तू ते अक्षर लिहिलं आहेस. तू नुसता फोन करून चालणार नाही, असं आता वाटतं. विचार कर. दिवस कमी आहेत.

बाबा


डोंबिवली
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

नीरजा,

तू काही लिहिलं नाहीस, पण तुझं उत्तर मला मिळालं.

काल सकाळी रसिका स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मोबाईल मिक्सरला टेकवून ठेवला होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. तुझा आवाज आला. मला वाटलं तू घरी आलीस. मी हातातला टॉवेल घेऊन तसाच उभा राहिलो.

तू म्हणत होतीस, "रसू, ऐक. बाबांचं ते दुसरं पत्र परत वाचलं मी. काय लिहिलंय माहितीये? रसिका असं का म्हणाली कोण जाणे. कोण जाणे काय? स्वतः शपथ घातली आणि वर कोण जाणे. तू सरळ सुटली म्हण आणि मोकळी हो. मॅडमना सांगून टाक. आणि डब्यात परत उपमाच देतायत का?"

रसिकाने पिठाच्या बोटाने बटण दाबून धरलं. "अगं ताई, मी सुटली म्हणून नाही चालत. ज्याने घातली त्याने सोडवायची असते. तुला पण माहितीये. आणि उपमा नाही, हल्ली पोहे. उपम्यासारखेच लागतात."

मग दोघींच्या मध्ये बरंच चाललं. मी ऐकत राहिलो. तू गेल्यापासून रोज चालू आहे असं बोलण्यावरून कळलं. रसिकाचा मोबाईल मी अधूनमधून बघतो, हेही तिने तुला सांगितलं असेल. त्यात वाचण्यासारखं काही नसायचं. तुम्ही एकमेकींना एक ओळही लिहीत नव्हता, सगळे आवाजातले निरोप होते, म्हणून मला दिसलं नाही.

म्हणजे मी दोन पत्रं लिहिली तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तू वाचत होतीस आणि मी काय लपवतो ते बघत होतीस. आता जे झालं ते सरळ लिहितो.

९ सप्टेंबरला निघण्याआधी मी रसिकाला आईच्या फोटोसमोर उभं केलं. तिचा हात फोटोवर ठेवला आणि सांगितलं, वह्या कुणी लिहिल्या विचारलं तर माझ्याच म्हणायचं, तुला आईची शपथ आहे. ती म्हणाली, "पण बाबा, मग ते मला खोटी म्हणतील." मी म्हणालो, नाही म्हणणार.

मला वह्यांचं तेव्हा माहीत होतं. तू सांगितलं होतंस. दसऱ्याला मी वह्या काढल्या त्या शोधायला नाही, तुझं खोटं निघतं का ते बघायला.

तेराव्याला पंगत बसली होती. तुझी मावशी म्हणाली, आता रसिकाच्या अभ्यासाचं कोण बघणार. तू म्हणालीस, "अभ्यासाचं सोड मावशी, तिला वाचताच येत नाही. तिच्या वह्या आईने आणि मी लिहिल्यात. आता तरी कुणीतरी तिला दाखवा." मी पानावरून उठलो आणि तुझ्या तोंडात मारली. म्हणालो, आई जाऊन तेरा दिवस झाले नाहीत आणि तू तिला चारचौघांत खोटी पाडतेस. वाढणारी बाई भात घेऊन तशीच उभी राहिली. तू हात धुतलेस, बॅग भरलीस आणि गेलीस. तू बावीस वर्षांची होतीस. त्याआधी मी तुला कधी हात लावला नव्हता, हे माझ्या बाजूने काही म्हणता येत नाही.

तू खोटं बोलते आहेस असं मला त्या क्षणीही वाटलं नव्हतं.

काल तुमचं बोलणं संपल्यावर मी आत गेलो आणि म्हणालो, "सुटली."

रसिका म्हणाली, "काय सुटली?"

"शपथ."

तिने हात धुतले, पुसले, ओट्याला टेकून उभी राहिली. "पूर्ण म्हणा. कोणाची ते म्हणा."

"आईची शपथ सुटली."

"नक्की? म्हणजे मी आता खरं सांगितलं तर आईला काही होणार नाही ना?" मग स्वतःच म्हणाली, "आता काय होणारे म्हणा," आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

उद्या मॅडमना फोन करतो.

बाबा


डोंबिवली
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

नीरजा,

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. पण माझी अडचण बघा. सप्टेंबरात तुम्ही एक सांगितलंत, मुलीने एक सांगितलं. आता दोघं दुसरंच सांगताय, तेही तारीख जवळ आल्यावर. आई हयात नाहीत. मी कशावर विसंबू?"

मी विचारलं, कशावर विसंबाल?

"शाळेचं पत्र आणा. नाहीतर जिने वह्या लिहिल्या तिला आणा. माझ्यासमोर लिहू दे."

शाळेत गेलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वह्या तिच्या नव्हत्या असं आम्ही लिहून दिलं तर नववीपर्यंतचे अंतर्गत गुण कशाच्या आधारावर दिले आणि लेखी कोरी असताना तिला वर का चढवलं, ते आम्हालाच विचारतील. असं पत्र मिळणार नाही. भोईर सर शेजारी खाली मान घालून बसले होते. ते नवीन आहेत, त्यांना नोकरी आहे. मी त्यांना दोष देत नाही.

मग मुख्याध्यापिकांनी कपाटातून एक फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "आणि शाळेने सांगितलं नाही असं म्हणू नका. हे बघा."

मी तो कागद विसरलो होतो असं लिहायला हात वळतो आहे. विसरलो नव्हतो.

रसिका चौथीत होती, जानेवारी २०२०. तिच्या वासंतीबाईंनी चिठ्ठी पाठवली होती. मुलगी हुशार आहे पण अक्षरं ओळखताना गोंधळते, एकदा तज्ज्ञांकडून तपासून घ्यावी. सुहासिनीने ती मला दाखवली. म्हणाली, एकदा बघूया तरी. मी म्हटलं, आपल्या घरातलं मूल वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार नाही. आणि त्याच चिठ्ठीखाली लिहिलं, "माझ्या मुलीस कोणत्याही तपासणीची आवश्यकता नाही. शिक्षकांनी शिकवण्याकडे लक्ष द्यावे." सही, तारीख. माझं अक्षर चांगलं आहे. कागद अजून स्वच्छ वाचता येतो.

त्यानंतर सुहासिनीने तो विषय काढला नाही. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली. शाळा मोबाईलवर भरायला लागली आणि वह्यांचे फोटो पाठवायचे असत. तिथून ते सुरू झालं असेल. आधी एखादी ओळ पुरी करून दिली असेल, मग पान. शाळा उघडली तेव्हा थांबायला जागा राहिली नसेल. ती रसिकाला धडे वाचून दाखवायची, रसिका ऐकून पाठ करायची. आतून आवाज यायचा. मला वाटायचं, मायलेकी अभ्यास करतायत.

दसऱ्याच्या पत्रात मी विचारलं होतं, तिने मला न सांगता हे का केलं. हे विचारायला नको होतं. तिने शाळेला फसवायला वह्या लिहिल्या नाहीत. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वह्या घेऊन बसायचो ना, लाल पेन घेऊन. पानावरच्या दोन चुका शोधायचो, रसिकाला दोन शब्द सुनवायचो आणि सही करायचो. चुका सापडल्या की मला बरं वाटायचं, लक्ष आहे आपलं, असं वाटायचं. एकही सापडली नसती तर मी आणखी खोल बघितलं असतं. सुहासिनीला मी पुरता माहीत होतो.

चिठ्ठीची प्रत शाळेने लगेच दिली, त्यात त्यांची सुटका आहे. ती मी मॅडमना देणार आहे. चौथीतच शंका आली होती, एवढं त्यावरून दिसेल. पण तेवढ्याने भागणार नाही, असं त्या म्हणाल्या.

परवा रसिकाला विचारलं, तुला अक्षरं दिसतात तरी कशी? नाचतात का? कुठेतरी असं वाचलं होतं. म्हणाली, "नाचत नाहीत बाबा. सगळे हेच विचारतात. नुसती उभी असतात. सुट्टीच्या दिवशी दुकानांची शटर खाली असतात ना, तसं. एवढा मोठा रस्ता, सगळी बंद. आत सामान आहे हे माहिती असतं." मग म्हणाली, "आई वाचायची तेव्हा उघडायची."

तिची दुसरी वेळ २० नोव्हेंबरची मिळाली आहे, गुरुवार, सकाळी साडेअकरा. त्यानंतर ३० तारखेच्या आत मोकळा दिवस नाही. तू यायला हवीस. माझ्यासाठी नको. तुला बाळकुमहून तिथे अर्धा तासही लागणार नाही. मी आतल्या खोलीत नसेन, आणि तुला नको असेल तर बाकावरही बसणार नाही, खाली फाटकापाशी थांबेन. रसिकाला मी हे सांगितलेलं नाही. तू आली नाहीस तर तिने वाट बघितलेली नसावी.

बाबा


डोंबिवली
रविवार, ७ डिसेंबर २०२५

नीरजा,

दाखला मिळाला. २७ तारखेला हातात आला, २८ला मी शाळेत नेऊन दिला आणि पोच घेतली. रसिकाला जादा वेळ आणि लेखनिक, दोन्ही मंजूर होईल असं भोईर सर म्हणाले. तुला हे तिच्याकडून कळलं असणार. तरी मी कळवायला हवं.

अहवालात लिहिलं आहे की बुद्धी सरासरीहून अधिक, वाचन इयत्ता दुसरीच्या पातळीचं. एकाच पानावर वरखाली दोन्ही ओळी आहेत. मी ते पान बऱ्याच वेळा वाचलं.

मॅडमनी मला नंतर सांगितलं की २० तारखेला तू आत त्यांच्यासमोर दोन ओळी लिहिल्यावरच त्यांनी तुला थांबवलं होतं, पण तू पान पूर्ण केलंस. मग त्यांनी मलाही आत बोलावून एक अर्ज भरायला दिला. अडचण प्रथम कधी लक्षात आली, या प्रश्नापुढे मी लिहिलं, जानेवारी २०२०. त्यावर काय केले, याच्यापुढे लिहिलं, 'वडिलांनी तपासणीस नकार दिला.' त्या म्हणाल्या, "वडील म्हणजे तुम्हीच ना? मग 'मी' लिहा." मी खोडून 'मी' लिहिलं.

बाहेर आलो तेव्हा तू आणि रसिका जिना उतरत होतात. तू वळून बघितलंस, मान हलवलीस. तू बारीक झाली आहेस. तुमच्या मागून येऊ नये म्हणून मी थोडा वेळ वरच थांबलो. तू घरी ये असं मी म्हणणार नाही. मारून घालवलेल्या माणसाला ये म्हणायचा अधिकार मला नाही, आणि घरही तसं राहिलेलं नाही. दोन माणसं आहेत आणि दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत असतात.

लेखनिक म्हणून नववीतली लक्ष्मी नावाची मुलगी मिळणार आहे. खालच्या वर्गातलीच मुलगी लागते. सर म्हणतात, दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं, रोज तासभर सराव करा. म्हणून ऑफिसमधून आल्यावर ती सांगते आणि मी लिहितो. पहिल्या दिवशी तिने 'पर्यावरण' या विषयावर सांगितलं. मी तिची वाक्यं सरळ केली, दोन ठिकाणी चांगला शब्द घातला. वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे मी नाही बोलले." मी म्हटलं, अर्थ तोच आहे. म्हणाली, "लक्ष्मीने असं केलं तर तिला बाहेर काढतील. मी बोलते तेवढंच लिहा." आता तसंच लिहितो. सोपं नाही.

आज तिला तुला पत्र सांगायचं आहे. इथून पुढे ती सांगते आहे.

ताई, हे बाबा लिहितायत, मी सांगतेय. तुला व्हॉइसच करणार होते पण सर म्हणाले लांबलचक काहीतरी सांगायची प्रॅक्टिस कर. पूर्णविराम मला म्हणावा लागतो. मी विसरते. पूर्णविराम.

त्या दिवशी तू आलेलीस ते मस्त झालं. वडापाव पण भारी होता. विनिता मॅडम म्हणाल्या तुझी ताई तुझ्यापेक्षा छान तुझं अक्षर काढते. मी हसले पण मला ते तेवढं नाही आवडलं. मला माझं अक्षर कसं आहे तेच माहीत नाही ना. पूर्णविराम.

घरात खूप शांत असतं. बाबा टीव्ही लावतात आणि आवाज बंद ठेवतात. नुसती माणसं तोंडं हलवतात. हे पण लिहा बाबा. हो, हे पण.

ताई, मला आईचा राग येतो. पूर्णविराम. कोणाला बोलले नाही अजून. तिने सगळं केलं माझं, आणि मी काय करायचं ते नाही सांगितलं. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे आणि ती लिहायची, मला वाटायचं मोठी झाले की आपोआप येईल. बाबांचा पण राग येतो. जास्त की कमी ते ठरलं नाही अजून. तुझा थोडा येतो, तू मला सोडून गेलीस. पण तू रोज बोलतेस म्हणून तो जातो. पूर्णविराम.

बाबा थांबलेत. बाबा, लिहा ना. हात दुखतोय म्हणतात. हात नाही दुखत त्यांचा, ते रडतायत. ते पण लिहा. मी बोलले ते सगळं लिहायचं असतं, नियम आहे.

लिहिलंत? कुठपर्यंत? बोट ठेवून दाखवा.

बरं. ताई, तू हे वाच आणि मला सगळंच्या सगळं व्हॉइसवर म्हणून पाठव. मला इथे बघून कळत नाही. त्यांनी मधलं काही गाळलं असेल तर तुझ्याकडून कळेल. पूर्णविराम.